जानरावांची इटली

गच्चीवर शेवया वाळत होत्या त्या दिवशी तो आमच्याकडं राहायला आला. तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर एक चामड्याची बॅग घट्ट धरून. पन्नाशीचा उंच माणूस, पुढचे केस विरळ, उन्हानं नाक लालभडक झालेलं. वरची खोली दाखवायला आम्ही त्याला जिन्यानं गच्चीवर नेलं, तर खोलीकडं बघायचं सोडून तो थेट बाजेपाशी गेला. आईनं बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून त्यावर शेवया पसरल्या होत्या. तो तिथं गुडघ्यावर बसला, दोन बोटांनी एक शेवई उचलून उजेडाकडं धरली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. आई दारातून मला म्हणाली, "त्याला म्हणावं हात लावू नको, अजून ओल्या हायत." दहावीपर्यंत इंग्रजी शिकून परदेशी माणसाशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे असं होतं: "वेट. डोन्ट टच." तो उठला, दोन्ही हात वर करून म्हणाला, "सॉरी, सॉरी," आणि हसला. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं आहे हे मला लगेच कळलं आणि माझी भीती गेली.

त्याचं नाव जान्नी. एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात तात्या फिटर होते, आणि तिथं पिशव्या भरायचं नवं मशीन इटलीहून आलं होतं. त्याच्या पेट्या फोडून ते उभं करायला आणि तात्यांसारख्या चारपाच जणांना शिकवायला हा आला होता. लॉजवरच्या जेवणानं त्याचं पोट बिघडलं, तेव्हा साहेबांनी तात्यांना विचारलं, की तुमच्या गच्चीवर एक खोली रिकामी आहे ना. भिगवण रस्त्याच्या आत, कंपन्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात आमची वसाहत होती. सकाळी भोंगा झाला की मोटारसायकलींची रांग लागायची, आणि दुधाच्या क्रेट भरलेले टेम्पो खडखडत जायला लागले की आई म्हणायची, "ऊठ, टेम्पो गेला." आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे.

जान्नीच्या आधी आठवडाभर आबा आले होते, माझे आजोबा. इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आमचं थोडं रान होतं. वांगी, मिरची, कडेला पेरूची झाडं. आबा तिथं एकटेच राहायचे. डोळ्यात मोतीबिंदू पिकला म्हणून बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशन करायला ते आले, नाहीतर आले नसते. तात्यांनी रान सोडून नोकरी धरली त्या वर्षापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे भांडत नव्हते, ओरडत नव्हते, नुसते बोलत नव्हते. समोरासमोर जेवायला बसायचे आणि आबा म्हणायचे, "रेखा, तुझ्या बापाला इचार, पंपाचा फुटव्हॉल्व्ह कुठनं आणला व्हता." तात्या भाकरी मोडत म्हणायचे, "सांग त्यांना, टेंभुर्णीहून." दोघांना एकमेकांचं बोलणं स्पष्ट ऐकू जायचं, तरी मी ते मधे उचलून इकडून तिकडं द्यायची. पुढं मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, भाषांतराची कामंही केली. लोक विचारतात दुभाषाचं काम कुठं शिकलात. मी म्हणते, ताटावर.

आबा एकेकाळचे पैलवान. कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. डॉक्टरांनी त्यांना काळा चष्मा दिला होता आणि बजावून सांगितलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही आणि टीव्ही बघायचा नाही. पहिल्या तीन गोष्टी ते कुरकुरत पाळत, चौथी त्यांनी मनावर घेतली होती. टीव्ही चालू असला की खुर्ची उलटी करून, टीव्हीकडं पाठ करून बसायचे. ऐकायला डॉक्टरांची मनाई नव्हती.

त्याच दिवसांत फुटबॉलचा वर्ल्ड कप लागला. सामने पूर्वेकडच्या देशांत होते, म्हणून आमच्याकडं ते दुपारी नाहीतर संध्याकाळी दिसायचे. आमच्या वसाहतीत फुटबॉल कुणाला कळत नव्हता. आमच्याकडं क्रिकेट, नाहीतर कबड्डी, नाहीतर जत्रेतली कुस्ती. पण जान्नी कामावरून आला, की हातपाय धुऊन खालच्या खोलीत जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न करत बसायचा आणि बघता बघता मला सांगायचा, आणि मी ते आबांना सांगायची. पास, कॉर्नर, ऑफसाइड ही सगळी गाडी माझ्या तोंडून आबांच्या कानापर्यंत जाताना कुस्तीची होऊन जायची. "आबा, निळ्यांनी धरलंय, पण डाव बसंना." "दम धर म्हणावं, दम धर," आबा दाराकडं बघत म्हणायचे. जान्नी हे नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही. त्यांनी त्याचा जानराव केला, आणि त्यालाही ते आवडलं असावं, कारण जाताना तो सगळ्यांना जानराव म्हणूनच सही करून देत होता.

एका सुट्टीला त्यानं आईकडं स्वयंपाकघर मागितलं. आमच्या घरात पुरुष चुलीपाशी, तोही पाहुणा. आई पदर खोचून बाजूला उभी राहिली, अर्धी संशयानं, अर्धी हसू दाबत. त्यानं आमच्या शेवया मिठाच्या पाण्यात उकडल्या, तेलात लसूण ठेचून टाकला, वर लाल टोमॅटो कुस्करून शिजवले आणि सगळं एकत्र केलं. शेवया आमच्याकडं दुधात, गुळात, फार तर तुपात. ताट पुढं आल्यावर आबांनी वास घेतला. "शेवयाला लसूण?" ते म्हणाले. मी भाषांतर केलं नाही. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग ताट पुढं केलं. "दुधातल्या बऱ्या," ते म्हणाले, "पण ह्या बी वाईट न्हाईत. त्याला सांग, मिरची टाकली असती तर आनखी बऱ्या झाल्या असत्या." आता माझी मुलगी पाकिटातल्या पास्त्यावर काय काय घालून खाते. तिला मी गच्चीवरच्या त्या शेवयांची चव सांगू शकत नाही. घरच्या खपली गव्हाच्या होत्या, तोंडात जरा चरचरायच्या.

इटलीचा बाद फेरीतला सामना कोरियाशी लागला तेव्हा सगळी वसाहत इटलीची झाली होती. पाहुणा ज्याचा, बाजू त्याची. शेजारच्या वहिनी, दूध प्रकल्पातले दोघं फिटर, त्यांची पोरं, सगळे पाचच्या आत आमच्या खोलीत दाटीवाटीनं बसले. कोरियाचं काय, असं मी जान्नीला विचारलं तर त्यानं करंगळी दाखवली, म्हणजे एवढासा. इटली म्हणजे जुनं, नावाजलेलं घराणं, तीनदा जग जिंकलेलं. कोरिया घरच्या मैदानावर खेळत होता एवढंच. आईनं तर सकाळीच डाळ शिजवून पुरण वाटलं होतं. सामना सुटला की गरम गरम पोळ्या लाटायच्या आणि पाहुण्याला वाढायच्या, असं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मशीनची पहिली चाचणी होती, मोठे साहेब येणार होते, म्हणजे आनंदाला दुप्पट कारण.

टीव्हीवर सगळं मैदान लाल कपड्यांनी भरलेलं. सुरुवातीलाच कोरियाला पेनल्टी मिळाली आणि इटलीच्या गोलकीपरनं ती अडवली. मारणारा लांब केसांचा एक देखणा तरुण होता, डोकं धरून उभा राहिला. आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. थोड्या वेळात इटलीच्या धिप्पाड खेळाडूनं डोक्यानं गोल केला, तेव्हा जान्नीनं उठून आबांची उलटी खुर्चीच मागून मिठीत घेतली. आबा म्हणाले, "आरं, डोळा, डोळा." मग बराच वेळ काही झालं नाही. निळ्या कपड्यांतली इटली मागं सरकून उभी राहिली आणि कोरियाची पोरं धावत राहिली. मी जे दिसत होतं ते सांगत होते. आबांनी एकदम विचारलं, "निळं का म्हागं सरलं?" मी जान्नीला विचारलं. तो म्हणाला, डिफेन्स, वी आर बेस्ट इन डिफेन्स. आबांनी मान हलवली. "गुणावर पुढं हाय म्हणून अंग चोरायलंय," ते म्हणाले. "गडी त्यानंच जातो."

सामना संपत आला होता. आईनं तवा तापत ठेवला होता आणि पहिली पोळी लाटायला घेतली होती. तेवढ्यात इटलीच्या बचावातल्या एकाला चेंडू साफ करता आला नाही, आणि कोरियाच्या पोरानं तो कोपऱ्यातून आत घातला. लगेच पुढच्याच क्षणी तो धिप्पाड गडी कोरियाच्या गोलासमोर एकटा सापडला, चेंडू पायाशी, समोर जागाच जागा, आणि त्यानं तो वरून घालवला. जान्नी भिंतीला टेकला. मग जादा वेळ. त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकला, असा तेव्हा नियम होता. इटलीचा एक नावाजलेला खेळाडू कोरियाच्या गोलाजवळ पडला आणि पंचानं त्याला लबाडी केली म्हणून लाल पत्ता दाखवून बाहेर काढलं. पुढं इटलीनं चेंडू जाळ्यात घातला तर बावट्यावाल्यानं बावटा वर केला. खरं काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. पण जान्नी प्रत्येक वेळी उठायचा, टीव्हीजवळ जाऊन काचेवर बोट ठेवायचा आणि आम्हाला दाखवायचा, बघा, बघा. शेवटी उंच चेंडू आला आणि सुरुवातीला पेनल्टी चुकलेला तो लांब केसांचा तरुण इटलीच्या सगळ्यात मोठ्या बचावपटूच्या पुढं उडाला. डोक्यानं मारलेला चेंडू आत गेला आणि सामना तिथंच संपला.

"काय झालं?" आबा म्हणाले.

"हरलं, आबा. इटली हरली."

जान्नी उठला, कुणाकडं न बघता चपला न घालता जिन्यानं वर गेला. वरच्या दाराची कडी वाजली. माणसं एकेक करून उठली, जणू कुणाच्या घरी समाचाराला येऊन निघालेत. आईनं गॅस बारीक केला. तात्या दोनदा वर जाऊन आले. जान्नीनं दार उघडलं, पण तो अंधारातच बसला होता आणि बॅगेत कपडे भरत होता. पहाटेच्या गाडीनं पुण्याला जातो, विमान धरतो, मला इथं राहायचं नाही, असं म्हणत होता. चाचणी न होता माणूस गेला तर मशीन बंद पडून राहणार, आणि शिकवून नोकरीत कायम करायचे ते चारपाच जणही तसेच टांगणीला. तात्या आईला हळू आवाजात हे सांगत होते, पण घर लहान होतं. आबा खुर्चीतून उठले.

"सूनबाई, पोळ्या कर," ते म्हणाले. "रेखा, हात धर माझा. वर जायचंय."

"मामंजी, डॉक्टरांनी..." आई म्हणाली.

"डॉक्टरनं जिन्याचं काय म्हणलं न्हाय."

एका हातानं माझा खांदा धरून आणि दुसऱ्या हातात तुपाची पोळी ठेवलेलं ताट सावरत आबा जिना चढले. ताट मला घेऊ दिलं नाही. मागून तात्या बॅटरी घेऊन येत होते, पण शेवटच्या पायऱ्यांपाशी थांबले. खोलीत मी दिवा लावला. जान्नीचे डोळे लाल होते. आबा त्याच्या खाटेवर शेजारी बसले आणि ताट मधे ठेवलं. जान्नी माझ्याकडं बघून भराभर बोलायला लागला. अर्धं इटालियन, अर्धं इंग्रजी, पण एक शब्द सारखा येत होता, रेफ्री.

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

"पंच वाईट होता म्हणतोय. पंचानं लुटलं."

पंचानं लुटल्याची आबांचीही एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. तरुणपणी जत्रेत आबांची मोठी कुस्ती लागली होती. आजूबाजूच्या सगळ्या गावांनी त्यांचाच विजय धरला होता, हलगीवाला सुद्धा त्यांच्याकडं बघून वाजवत होता. आणि मंगळवेढ्याकडच्या एका नवख्या पोरानं त्यांना घिस्सा मारून पाडलं. आबांचा एक खांदा टेकला होता, दुसरा नव्हता, पंचानं पैसे खाऊन निकाल दिला, ही ती गोष्ट. तात्या पाळण्यात असल्यापासून ती ऐकत आले होते. आबांनी त्यानंतर कुस्ती सोडली होती. त्या पंचाच्या गावचं पाणीसुद्धा ते प्यायचे नाहीत.

"त्याला सांग," आबा म्हणाले, "मी बी एक कुस्ती हरलोय. सगळं म्हणत व्हतं आबा जिंकणार. मी बी आयुष्यभर म्हणलो, पंच वाईट व्हता."

मी सांगितलं. जान्नीनं जोरात मान हलवली, दोघांचं दुःख एकच असल्यासारखी.

"आता फुडचं सांग. माझी पाठ टेकली व्हती." आबांचा आवाज बदलला नाही. "दोन्ही खांदं टेकलं व्हतं. माती लागली व्हती पाठीला, ती मीच झटकली. पंच बरोबर व्हता. त्यो पोरगा माझ्यापरास चांगला लढला. मला ठावं हाय. त्याच दिशी ठावं व्हतं."

मी आबांकडं बघत राहिले. ते म्हणाले, "सांग की." माझ्याकडं त्यासाठी मोठे शब्द नव्हते. मी म्हणाले, "हिज बॅक टच द ग्राउंड. ही नोज. रेफ्री वॉज राइट."

जान्नीनं आबांच्या काळ्या चष्म्याकडं निरखून पाहिलं. मग त्यानं विचारलं, हे खरं सांगायला यांना किती काळ लागला. आबा म्हणाले, "माझा बाप गेला, हिची आजी गेली, तवर मी पंचालाच धरून बसलो. हात दुखंपर्यंत धरून. त्याला म्हणावं, असेल पंच वाईट त्याचा, मला काय कळतं. पण गोलापुढं एकटा गडी उभा व्हता तवा पंच आडवा आला न्हवता."

हे मी सांगितलं. जान्नीनं चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "वी मिस. यस. वी मिस." आबांना हे भाषांतर लागलं नाही. त्यांनी पोळीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "खा. सून चांगल्या करती." त्यानं खाल्ला, आणि तूप हनुवटीवर ओघळलं ते पुसायचंही भान त्याला राहिलं नाही. खाली येऊन बघते तर तात्या न्हाणीच्या नळाखाली तोंड धूत होते. त्यांनी संध्याकाळी आल्या आल्या तोंड धुतलं होतं. आईनं त्यांना टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी जान्नी भोंग्याच्या आधीच तयार होऊन मोटारसायकलपाशी उभा होता. चाचणी झाली. दुधाच्या पिशव्या एकामागून एक पट्ट्यावर पडल्या, असं तात्या सांगत होते. सांगताना त्यांचा हात हवेत तसाच खालीवर होत होता.

त्या आठवड्याच्या सुट्टीला आबांनी जाहीर केलं, की जानरावांना रान दाखवायचं. आम्ही सगळे एसटीनं इंदापूरला आणि तिथून जीपनं काठापर्यंत गेलो. एसटीत जान्नीला खिडकी मिळाली आणि मांडीवर कुणाचं तरी लेकरू मिळालं. दोन्हींनी तो खूश होता. जून असल्यामुळं धरणाचं पाणी लांब मागं हटलं होतं, मधे भेगाळलेला गाळ आणि त्यावर बगळे. पाणी हटलं की पंप पुढं सरकवावा लागतो, पाइप जोडावे लागतात. तात्या होते तोवर दर उन्हाळ्यात ते करायचे. त्यांच्यामागं आबा कुणाकुणाला विनवून करून घेत. त्या दिवशी पंप पाणी ओढत नव्हता. वांग्यांची पानं मरगळली होती. तात्यांनी कुणाला न विचारता शर्ट काढला, पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि गाळात उतरले. जान्नीही बूट काढून त्यांच्या मागं गेला. दोघं पाण्यात वाकून पाइपच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह खोलत होते आणि आई पेरूच्या सावलीत तीन दगडांवर तवा ठेवून काठावरच्या कोळ्याकडून घेतलेली ताजी चिलापी तळत होती. लसूण आणि तिखटाचा वास बांधभर सुटला होता.

बांधावरून गणपतराव आले, आमचे रानशेजारी, आबांच्याच वयाचे. पाण्यातल्या तात्यांकडं बघून म्हणाले, "काय आबा, पोरगं आलं व्हय परत शेतीवर?"

"न्हाय," आबा म्हणाले. "त्याची नोकरी हाय बारामतीत."

"तुमी तर म्हणत व्हता, म्हातारा बाप टाकून गेलं."

"म्हणत व्हतो." आबांनी काठी जमिनीवर नीट टेकवली. "तसं न्हवतं ते, गणपतराव. ह्या तुकड्यात दोघांचं भागत न्हवतं. त्यानं इचारलं व्हतं मला, आबा जाऊ का. मी तोंड फिरवलं. त्यो बरोबर व्हता."

पाण्यात तात्यांची पाठ आमच्याकडं होती आणि हातातला पाना थांबला होता. मग तो परत फिरायला लागला. जान्नीनं काठावर येऊन मोटारीचं बटण दाबलं, पाइप एकदा गुरगुरला, लाल पाणी ओकला आणि मग स्वच्छ धार पाटात पडली. पाणी वांग्यांकडं निघालं तसे आबा त्याच्या बाजूबाजूनं चालत गेले, वाफ्याच्या तोंडापर्यंत, आणि तिथं थांबून त्यांनी हाक मारली.

"सुभाष, ये वर. भिजलास."

तात्या चिखलानं भरलेले पाय घेऊन वर आले आणि आबांच्या शेजारी बांधावर बसले, हात पुसायला काही नाही म्हणून तसेच लोंबते ठेवून. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्यांच्या पुढं टाकलं. मग विचारलं, "ते दुधाचं मशीन कसं चालतं रं? मला एकदा सांग." तात्यांनी एक काटकी उचलली आणि ओल्या मातीत रेघ ओढली. हा पट्टा, म्हणाले, इथून प्लास्टिकचा कागद येतो, इथं दूध. जान्नी मधेच बोट घालून एक गोल दुरुस्त करायचा आणि आबा चष्मा कपाळावर सारून वाकून बघायचे, वाकायचं नाही हे विसरून. आईनं दोनदा हाक मारली. मासे निवायला लागले होते. पण तात्या थांबले नाहीत आणि आबांनीही त्यांना थांबवलं नाही.